‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत: इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा कशा तपासतात

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज फिरून येतो. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची पहिली अक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द तयार झाला, कारण बातमी चारी दिशांनी येते. खाली सात-आठ अंगठे आणि कुणाचं तरी ‘छान माहिती’. गेल्या वेळी माझ्या भाचीने तो मजकूर शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवला आणि शेजारी रंगीत होकायंत्र काढलं. चित्र सुरेख होतं, माहिती चुकीची होती. तिला तसं सांगितल्यावर तिने लगेच दोन प्रश्न विचारले: मग खरं काय? आणि ते खरं आहे हे कुणी ठरवलं? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

## शब्दाचा सातबारा

गावात जमिनीचा वाद उभा राहिला की ‘ही जमीन आमच्या पणजोबांची’ असं दोन्ही बाजू सांगतात. नुसत्या सांगण्यावर निकाल लागत नाही. जुना सातबारा काढतात, फेरफाराच्या नोंदी बघतात: कोणत्या साली कुणाचं नाव होतं, ते कधी बदललं, कशामुळे बदललं. शब्दाचंही तसंच आहे. तो कुठून आला आणि वाटेत त्याचं रूप नि अर्थ कसकसा बदलत गेला, या शोधाला व्युत्पत्ती म्हणतात. तिथला सातबारा म्हणजे जुने कागद: पत्रं, करारमदार, कोर्टाचे निकाल, छापील पुस्तकं, वर्तमानपत्रं.

अशा नोंदी जमवण्याचं फार मोठं काम ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी झालं. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेत, त्याची कल्पना निघाली आणि १८७९ साली जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी वाचकांना आवाहन केलं: जुनी पुस्तकं वाचा, शब्द सापडला की चिठ्ठीवर तो शब्द, ते अख्खं वाक्य, पुस्तकाचं नाव, पान आणि साल लिहून पाठवा. लोकांनी फुकट, हौसेने, वर्षानुवर्षं चिठ्ठ्या पाठवल्या. त्या लाखांत गेल्या. मरे यांनी बागेत पत्र्याची शेड उभारली आणि आत भिंतीभर कप्पे करून चिठ्ठ्या लावत बसले. पाच वर्षांनी, १८८४ साली पहिला भाग छापून आला, तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. म्हणजे पाच वर्षांत काम मुंगीपर्यंत पोचलं होतं. शेवटचा भाग निघाला १९२८ साली. मरे १९१५ सालीच गेले होते.

एवढ्या चिकाटीने जमवलेल्या पुराव्यासमोर चार ओळींचा मेसेज ठेवला की मला वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो.

आता ‘न्यूज’कडे. इंग्रजीत ‘न्यू’ म्हणजे नवा, आणि ‘न्यूज’ हे त्याचंच अनेकवचन: नव्या गोष्टी. फ्रेंच माणूस बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणतो, तेही ‘नव्या’ अशाच अर्थाचं. जुन्या इंग्रजी कागदांत ‘न्यूज’च्या लेखनात शेवटच्या ‘एस’आधी आणखी एक ‘ई’ असायचा. त्या जास्तीच्या ‘ई’साठी पाचवी दिशा कुठून आणणार? शिवाय आपणही गावाकडचं माणूस भेटलं की ‘काय नवीन?’ असंच विचारतो. बातमी म्हणजे नवीन, हे सुचायला होकायंत्र लागत नाही.

## आद्याक्षरांचा मोह

शब्दाची अक्षरं सुटी करून प्रत्येकाला एकेक शब्द चिकटवायचा, हा अशा मेसेजांचा आवडता खेळ. ‘गोल्फ’चं उदाहरण घ्या. ‘फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना बंदी’ अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचं ते लघुरूप आहे म्हणे. पण १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती, कारण तरुणांनी धनुर्विद्येचा सराव करावा अशी राजाची इच्छा होती. शब्द तेव्हाच रुळलेला होता. आणि आद्याक्षरं जोडून उच्चारता येईल असा शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत विसाव्या शतकाआधी जवळजवळ नव्हतीच. रडार आणि लेझर हे असे खरे आद्याक्षरी शब्द आहेत, पण ते साधारण १९४० आणि १९६०च्या आसपासचे. म्हणून एक सोपी कसोटी हाताशी ठेवा: शब्द शंभर-दीडशे वर्षांहून जुना असेल आणि तो आद्याक्षरांचा आहे असं कुणी सांगत असेल, तर ती गोष्ट बहुधा मागाहून रचलेली असते.

‘पॉश’ची कथा आपल्या मुंबईपर्यंत येते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटीवर श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे, कारण ती सावलीची बाजू. बोटीची डावी बाजू ‘पोर्ट’, उजवी ‘स्टारबोर्ड’. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असा शिक्का तिकिटावर मारायचे, त्याचंच झालं पॉश. कथा ऐकायला पटते, उन्हाची दिशाही बरोबर जमते. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. हा खुलासा छापील स्वरूपात १९३०च्या दशकात दिसू लागतो, आणि शब्द मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. गोष्ट शब्दापेक्षा तरुण असेल, तर ती शब्दाची आई कशी असेल? मग पॉश खरंच कुठून आला? एकोणिसाव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, आणि शतकाच्या शेवटी ‘छानछोकीने राहणारा’ असाही अर्थ नोंदलेला आहे. त्यांचा आजच्या शब्दाशी नेमका धागा जुळलेला नाही, म्हणून शब्दकोश सरळ ‘मूळ अज्ञात’ असं छापतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

एक अपवाद मात्र अस्सल आहे, आणि तोच सगळ्यात अविश्वसनीय वाटतो: ‘ओके’. १८३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, विशेषतः बॉस्टनमध्ये, वर्तमानपत्रांना एक खूळ लागलं होतं. साधा वाक्यांश मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचा आणि त्याची आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं ठीक, याचं मुद्दाम बिघडवलेलं रूप ‘ओल कोरेक्ट’, आणि त्याचं ‘ओके’. २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापलेलं आहे. तसली इतर लघुरूपं दोन-तीन वर्षांत विरली. ‘ओके’ वाचलं, कारण १८४०च्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हटलं आणि ‘ओके’ची घोषणा केली. व्हॅन ब्यूरेन हरले, घोषणा राहिली. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं कागदोपत्री दाखवून दिलं, तोवर ‘ओके’च्या मुळाबद्दल डझनभर वेगळ्याच कथा फिरत होत्या.

## मग बहुतेक शब्द येतात तरी कसे?

नदीतला गोटा जसा घासत घासत गुळगुळीत होतो, तसे. कुणी एका दिवशी बसून ते बनवलेले नसतात. ‘गुडबाय’ हे ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुझ्यासोबत असो’, याचं झिजलेलं रूप आहे. सोळाव्या शतकापासून त्याची झिजेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची रूपं लेखनात सापडतात.

कधी शब्दाची शिवण उसवते आणि भलत्या जागी शिवली जाते. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येतो. जुन्या इंग्रजीत ‘ईक’ म्हणजे अधिकचं, म्हणून टोपणनावाला ‘ॲन ईकनेम’ म्हणत. भरभर बोलताना त्यातला ‘न’ पुढे सरकला आणि झालं ‘अ निकनेम’. एप्रनचं उलट झालं: मूळ ‘अ नॅप्रन’ होतं, त्यातला ‘न’ मागे गेला. क्रिकेटच्या अंपायरचंही तेच. मूळ फ्रेंच शब्द ‘न’ने सुरू होणारा, अर्थ ‘जोडीत न बसणारा’, म्हणजे दोघांत निवाडा करणारा तिसरा. आपल्याकडे त्यासाठी तंतोतंत शब्द आहे: तिऱ्हाईत.

अशी जोडी जमली की मला मनापासून आनंद होतो, म्हणून आणखी दोन सांगतो. ‘विंडो’ हा शब्द इंग्लंडमध्ये आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, ‘विंडाउगा’: वाऱ्याचा डोळा. आता आपल्याकडे पाहा. संस्कृतातून आलेला खिडकीचा एक शब्द ‘वातायन’, वाऱ्याची वाट. दुसरा ‘गवाक्ष’, गाईचा किंवा बैलाचा डोळा. तिकडे वारा आणि डोळा एकाच शब्दात, इकडे दोन शब्दांत. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. भिंतीतल्या भोकाकडे बघून दोन दूरदूरच्या माणसांना तेच सुचलं. तसंच ‘मसल’ म्हणजे स्नायू. लॅटिन ‘मुस्कुलुस’, अर्थ छोटा उंदीर, कारण दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. आपली पोरं दंड आवळून काय दाखवतात? बेडकुळी. रोमन माणसाला उंदीर दिसला, मराठी माणसाला बेडूक.

अर्थही सरकतो. ‘सिली’ म्हणजे आज मूर्ख, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, देवाची कृपा लाभलेला असा होता. त्यावरून निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, मग खुळा. ‘नाइस’ उलट दिशेने गेला: लॅटिन मूळ ‘अजाण’, आजचा अर्थ छान. हे विचित्र वाटत असेल तर स्वतःचं बोलणं ऐका. संस्कृतात आणि हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं, मराठीत दंड. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग आणि प्रेम, म्हणून तर ‘अनुराग’. आपण त्याच शब्दाने संतापतो.

## वाक्प्रचारामागे घटना असायलाच हवी का?

इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘मांजरं-कुत्री कोसळताहेत’ म्हणतात. त्यावरचा मेसेज असा: पूर्वी घरं गवताने शाकारलेली असत, उबेसाठी मांजरं-कुत्री छपरात झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. ज्यांनी कोकणात किंवा मावळात शाकारलेलं घर जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं, भर पावसात कुत्रं छपरावर चढून झोपतं का? नीट शाकारलेल्या छपरात त्याला शिरायला जागा तरी असते का? हा खुलासा १९९९च्या सुमारास ‘पंधराशे साली लोक कसे जगत’ अशा थाटाच्या एका ई-मेलमधून जगभर पसरला. वाक्प्रचार मात्र सतराव्या शतकापासून लेखनात आहे, आणि त्याचं नक्की मूळ सापडलेलं नाही.

मूळ घटना असलीच पाहिजे हा हट्टच चुकीचा आहे. आपण ‘मुसळधार’ म्हणतो तेव्हा कधीकाळी आभाळातून मुसळं पडली असतील असं कुणाला वाटत नाही. धार मुसळाएवढी जाड, एवढंच. अतिशयोक्ती हीसुद्धा भाषेची एक खाण आहे.

‘सेव्ह्ड बाय द बेल’, म्हणजे ऐनवेळी वाचणं, याचंही असंच. जिवंत माणूस चुकून पुरला गेला तर त्याने शवपेटीतून घंटा वाजवावी म्हणून दोरी बांधत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असं सांगतात. लेखनातली उदाहरणं मात्र मुष्टियुद्धाची आहेत: मार खाणारा खेळाडू फेरी संपल्याची घंटा झाली म्हणून वाचला.

याउलट ‘बॉयकॉट’मागे खरी घटना आहे, आणि तिचे कागद भरपूर आहेत. १८८०, आयर्लंडमधला मेयो परगणा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. पीक बुडालं होतं, कुळं खंडात सूट मागत होती, आणि बॉयकॉट त्यांना जमिनीवरून हुसकवायला निघाला. लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सांगण्यावरून लोकांनी हात उचलला नाही, फक्त व्यवहार तोडला. गडी कामाला येईनात, दुकानदार माल देईना, टपाल पोचवणाराही मिळेना. शेवटी उत्तरेतून पन्नासेक माणसं पीक काढायला आणली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य नि पोलीस उभे केले. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज तेव्हाच मांडला गेला. त्याच वर्षी हे आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद बनलं. पंचवीस वर्षांनी बंगालच्या फाळणीनंतर तोच शब्द आपल्याकडे आला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून बसला. आपल्या गावांतली ‘वाळीत टाकण्या’ची रीत त्याहून कितीतरी जुनी. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की बॉयकॉट वरच्याविरुद्ध होता, वाळीत बहुतेकदा खालच्याला टाकलं गेलं.

## ‘पण हे सगळं संस्कृतातूनच आलं ना?’

पितृ आणि फादर, मातृ आणि मदर, म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली, असं मला हमखास ऐकवलं जातं. साम्य खरं आहे, पण नातं वेगळं आहे. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या ब्रिटिश न्यायाधीशाने मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एका समान मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसावं. म्हणजे या सगळ्या एकाच पणजीची पतवंडं. चुलत भावांची नाकं सारखी असतात, म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही.

हे नातं नुसत्या दिसण्यावर ठरवत नाहीत, नियमाने ठरवतात. संस्कृतात जिथे ‘प’, तिथे इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’: पितृ–फादर, पाद–फुट, पंच–फाइव्ह, पूर्ण–फुल. एक-दोन नाही, रांगच्या रांग. नियमाविना साम्य फसवं असतं. फारसीतला ‘बद’ (आपल्या ‘बदनाम’मधला) आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ एकच, पण नातं शून्य. निव्वळ योगायोग.

## ‘गोष्ट गोड आहे, बिघडलं कुठे?’

बिघडतं. ‘रूल ऑफ थंब’, म्हणजे ढोबळ अंदाज, याबद्दल सांगतात की अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची इंग्लंडच्या कायद्यात मुभा होती, त्यावरून हा शब्द आला. असा लिखित कायदा सापडत नाही. १७८२ साली बुलर नावाच्या न्यायाधीशाने तसं मत दिल्याची बोलवा झाली आणि त्याच्यावर व्यंगचित्रं निघाली, एवढं खरं. पण ‘रूल ऑफ थंब’ त्याआधी शंभर वर्षं अंदाजी मापाच्या अर्थाने चालत होता. आई भातात पाणी घालताना बोटाचं पेर बुडवून बघते, तसंच ते मोजमाप. बायकांना मारहाण होत होती आणि कायदा डोळेझाक करत होता, हा इतिहास खराच आहे. त्याला खोट्या पुराव्याचा टेकू दिला की उद्या कुणी तो टेकू काढतो आणि म्हणतो, बघा, सगळंच खोटं. म्हणून मला ही गोष्ट निरुपद्रवी वाटत नाही.

काही गोष्टी अर्धवट खऱ्याही असतात. ‘सॅलरी’चं मूळ लॅटिन ‘सालारियुम’, आणि त्यात मीठ आहे हे नक्की. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मिठाच्या पिशव्या वाटत, याला पुरावा नाही. (आपला ‘पगार’ मात्र सरळ पोर्तुगीजांकडून आलेला.)

## आपल्या मातीतून तिकडे गेलेले

या तपासातून आपल्या हाती काही येतं का? भरपूर. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द आपलं मुंगूस आहे, सतराव्या शतकाच्या शेवटी तिकडच्या छापील पुस्तकात पोचलेलं. ‘गूस’ म्हणजे हंस, त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणूनच त्याचं अनेकवचन ‘मंगीज’ होत नाही. ‘डंगरी’ हे जाडंभरडं कापड, त्याचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून. ‘टँक’मध्ये गुजराती-मराठी टाकं आणि पोर्तुगीज ‘तांक’ एकमेकांत मिसळलेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी नवं चिलखती वाहन गुप्त ठेवायला ‘पाण्याची टाकी’ असं खोटं नाव दिलं आणि सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर ते पहिल्यांदा उतरवलं. त्यामुळे गडावरचं टाकं आणि रणगाडा नावाने सोयरे झाले.

आणि देवळाली. नाशिकरोडहून मुंबईकडे निघालं की पुढचंच स्टेशन. एकोणिसाव्या शतकात इथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले सैनिक इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत. बोटी फक्त थंडीच्या हंगामात सुटत. हंगाम हुकला तर पुढचे कितीतरी महिने तिथेच: काम नाही, कवायत नाही, उन्हाळा अंगावर, दारू आणि आजार. काहींचं डोकं फिरायचं. सोबती म्हणायचे, याला ‘डुलॅली टॅप’ झालाय. डुलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे ताप. आजही ब्रिटिश माणूस एखाद्याला ‘डुलॅली झालाय’ म्हणतो तेव्हा तो हसत म्हणतो, पण त्या शब्दात घरापासून हजारो मैलांवर अडकलेल्या पोरांचे कंटाळलेले, आजारी महिने आहेत.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने होकायंत्राचं पान तसंच ठेवलं, वर ‘ही गोष्ट खोटी आहे’ असं लिहिलं आणि समोरच्या पानावर देवळाली स्टेशनची पिवळी पाटी काढली. मग विचारलं, ‘आणि ताप कुठून आला?’ संस्कृत ‘तप्’, तापणं. फारसीतही तोच ‘तब’. आणि त्याच पणजीच्या लॅटिन शाखेतून फिरून इंग्रजीत गेलेला शब्द ‘टेपिड’, अर्थ: कोमट.